धोक्याची पातळी

कुरुंदवाडात नववा महिना लागलेल्या बाईला आणि जुलै महिना लागलेल्या नदीला लोक एकच प्रश्न विचारतात, "काय, कुठवर आलंय?" नदीचं बरं असतं, ती उत्तर देत बसत नाही. मला द्यावं लागतं. दूधवाला विचारतो, गॅसची टाकी आणणारा विचारतो, वाडीला दत्ताच्या दर्शनाला निघालेली आणि वाट चुकून आमच्या बोळात शिरलेली परगावची बाईसुद्धा विचारते. मी म्हणते, "अजून आहे वेळ." मग समोरचा माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि मान हलवतो. "वेळ? मला न्हाय वाटत."

डॉक्टरांनी तारीख दिली होती पाच ऑगस्ट. ही तारीख काढायची रीत मोठी गमतीची आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, तिथून नऊ महिने आणि सात दिवस पुढं जायचं, झाले २८० दिवस. नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरानं सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हा हिशेब रूढ केला आणि सोनोग्राफीच्या जमान्यातही तो सुखानं चालू आहे. नेमक्या त्या तारखेला जन्माला येणारी मुलं शंभरात चार-पाच. म्हणजे पंचांगवाला आणि नेगेले यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही, पण नेगेलेनं दक्षिणा मागितली नाही हे खरं.

पाच ऑगस्ट ही तारीख पुण्यात सासरी कळली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "छान, सणासुदीचे दिवस." माहेरी कळली तेव्हा आप्पा मटकन खाली बसले. २०१९ च्या ऑगस्टात त्याच आठवड्यात कृष्णा आणि पंचगंगा दोघी मिळून आमच्या सोप्यात मुक्कामाला आल्या होत्या.

"तारीख बदलून मागा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ती एसटीची आहे का?"

"मग पुण्यातच राहा म्हणावं."

यावर आईनं स्वयंपाकघरातूनच निकाल दिला. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, नदीनं काय करायचं ते तिनं बघावं. "आणि पुण्यात काय पूर येत न्हाय? खडकवासल्यातनं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला काय हुतंय ते बघितलंय मी टीव्हीवर. आपल्याकडं निदान शेजारी तरी वळखीचे बुडत्यात."

आप्पांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांचा सगळा जन्म साखर कारखान्याच्या काट्यावर गेला. ऊस भरलेली ट्रॉली फाटकातून आत वळताना बघूनच ते टनेज सांगायचे आणि काटा नंतर त्यांना दुजोरा द्यायचा. निवृत्त झाल्यावर वजन करायला काही उरलं नाही, म्हणून ते पाण्याकडं वळले. आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यांच्या उशाशी एक वही असते. कोल्हापूरचा राजाराम बंधारा किती फुटांवर, राधानगरीचे सातांपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीवाल्यांनी किती अडवलं. अलमट्टीच्या ५१९.६० मीटरवर आप्पा इतक्या तळमळीनं बोलतात, की नवीन माणसाला तो त्यांचा कर्नाटकातला थकबाकीदार वाटावा. घराच्या भिंतीवर त्यांनी तैलरंगात तीन रेघा ओढून ठेवल्या आहेत, २००५, २०२१ आणि सगळ्यांत वर २०१९. इतर घरांत मुलांची उंची अशी मोजतात. आमच्याकडं मी त्या रेघांच्या तुलनेत कधीच वाढले नाही.

मी आल्या दिवशीच आप्पांनी मला फाटकातून आत वळताना बघितलं आणि म्हणाले, "तीन किलोच्या आसपास."

तपासणीला ते माझ्याबरोबर जयसिंगपूरला आले. डॉक्टरीणबाई पोटावर टेप लावून उंची मोजत होत्या तेव्हा पडद्याच्या पलीकडून आप्पांना राहवलं नाही. "किती आलं?"

"छत्तीस सेंटिमीटर. आठवडे पण छत्तीसच, म्हणजे अगदी बरोबर आहे."

"इशारा पातळी किती धरताय?"

डॉक्टरीणबाई पुण्या-मुंबईच्या नव्हत्या म्हणून निभावलं. त्या म्हणाल्या, "काका, एकोणचाळीसनंतर कधीही तयारीत राहायचं."

"आणि धोक्याची?"

"बेचाळीसच्या पुढं आम्ही जाऊ देत नाही."

आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या तोंडावर माझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३. निसर्गानं दोन्ही खाती एकाच पट्टीवर आखली आहेत हे त्यांना पटलं. त्या संध्याकाळी वहीत नवा रकाना पडला. एकीकडं पंचगंगा, एकीकडं मी.

पाळण्याची गोष्ट त्यानंतरची. घराण्याचा लाकडी पाळणा माळ्यावरून काढला, पुसला, तुळईला टांगायची वेळ आली. सुतार म्हणाला, किती खाली सोडू? आप्पांनी भिंतीकडं बोट केलं. "२०१९ च्या वर एक वीत."

"आणि बाळाला आत ठेवायचं कसं?"

"स्टुलावर चढून."

"आणि दूध पाजायला?"

"खाली घेऊन. पाळणा पुरापासनं सुरक्षित पायजे, एवढंच माझं म्हणणं." सुतारानं आईकडं बघितलं, आईनं आप्पांकडं बघितलं, आणि पाळणा सध्या दोरी लांबवायची सोय ठेवून तुळईखाली तरंगतो आहे. त्यात मांजर झोपतं. सगळ्या घरात पुराला तयार असलेलं तेच एकटं.

आईची तयारी वेगळ्या अंगानं चालली होती. तिनं आजोबांची धोतरं फाडून लंगोट केले, आपली मऊ झालेली सुती पातळं फाडून दुपटी शिवली, कुंच्या, झबली, टोपडी यांचा एवढा ढीग लावला की बोळात सात-आठ बाळं अपेक्षित असावीत. अळीव आले, डिंक आला, बाळंतशोपा भाजून डब्यात गेल्या. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांची गुटीची पिशवी सहाणेसकट बांधली गेली. डॉक्टरीणबाईंनी बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई चांगली हाय गं, पण तिला कुणी उगाळून पाजलेलं दिसत न्हाय." शेगडीसाठी गोवऱ्या आणि वाळकी लाकडं मागच्या उन्हाळ्यातच माळ्यावर गेली होती. मला दिवस गेल्याचं मला कळायच्या आधी. मी हा मुद्दा काढला तर म्हणाली, "लग्नाला तीन वर्सं झाली हुती. मी तरी किती दिवस गोवऱ्या खालीच ठेवायच्या?"

आणि गोड. साखर जरा बेतानं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आता कुरुंदवाडात राहणाऱ्या बाईला गोड कमी खा म्हणणं म्हणजे काय, हे ज्यानं इथली बासुंदी खाल्ली आहे त्यालाच समजेल. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक तर बासुंदीचा डबा घेऊन येई, नाहीतर वाडीचे कंदी पेढे. "तुला न्हाय, बाळाला हाय," असं म्हणून ते माझ्याच तोंडात घालत. बाळाच्या नावावर मी जेवढं खाल्लं त्याची नोंद झाली तर त्याला जन्मतःच रेशनकार्डावरून काढून टाकतील.

डोहाळजेवण खरं तर सातव्यात पुण्याला झालं होतं. पण सांगलीच्या आत्याचं म्हणणं, पुण्याचं डोहाळजेवण इकडं धरत नाहीत. मग पुन्हा हिरवी साडी, पुन्हा फुलांचे दागिने, पुन्हा झोपाळा. हेरवाडहून आक्काकाकी आल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं एरवी त्या असल्या कार्यात भिंतीला धरून बसायच्या. पण त्यांच्या गावानं २०२२ साली ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याचा सगळीकडं गवगवा झाला, सरकारनंही तो उचलून धरला. आक्काकाकी दारातून आल्या त्या थेट ओटीचं ताट उचलून माझ्यापुढं. आत्या काहीतरी पुटपुटली. आक्काकाकी म्हणाल्या, "आमच्या गावचा ठराव हाय. तुमच्या सांगलीचा हुईल तवा बोला." आणि ओटीत त्यांनी नारळ असा काही ठेवला की बाळानं आतून लाथ मारून पोच दिली.

मग पेढा-बर्फीचा खेळ. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी झाकण उघडलं तर आत कवठाची बर्फी. वाडीची खासियत. मी म्हटलं, झालं, मुलगी. पण खेळ तिथं संपला नाही, उलट सुरू झाला.

"कवठाची धरत न्हाईत. बर्फी म्हणजे खव्याची."

"नावात बर्फी हाय न्हवं?"

"आगं पण कवठ फळ हाय. फळ म्हणजे मुलगा."

हा वाद रात्री भांडी घासेपर्यंत टिकला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरला जिल्हाधिकारी होते तेव्हा सोनोग्राफीच्या यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्वर' नावाचं उपकरण जोडून त्यांनी डॉक्टर मंडळींवर नजर ठेवली. पण माझ्या आत्याला ते जोडायचं राहून गेलं. तिनं माझं पोट, माझी चाल, माझ्या टाचा आणि मी जमिनीवरून उठताना कोणता हात टेकते हे बघून मुलगा असं बिनयंत्राचं निदान केलं. आक्काकाकींनी त्याच पोटावरून, त्याच टाचांवरून मुलगी सांगितली. कायद्यात दोघींनाही पकडायची सोय नाही.

शेजारच्या चाची या वादात पडल्या नाहीत. त्यांनी दर्ग्यातला धागा आणून माझ्या हाताला बांधला, तोवर आईनं वाडीचा अंगारा कपाळाला लावला होता. ज्या गावात मशिदींत गणपती बसतो तिथं नवस तरी एका खिडकीवर कसा भागणार?

गर्भसंस्काराची जबाबदारी नवऱ्यानं उचलली होती. तो पुण्याहून रोज संगीत पाठवायचा. कधी बासरी, कधी परदेशी पियानो. पोटातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत बाहेरचं ऐकू येतं हे खरं आहे. आत्या म्हणाली, परदेशी कशाला? विष्णू दिगंबर पलुस्कर १८७२ साली याच गावात जन्मले, इथून निघून लाहोरला जाऊन त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचं बाळ रागदारीवरच हललं पाहिजे. मग फोनवर भजनं लागली. बाळ ढिम्म. बासरी लागली, ढिम्म. पियानोला तर ते झोपत असावं. सायंकाळी आप्पांनी बातम्या लावल्या, "राधानगरी धरणाचा सहा क्रमांकाचा स्वयंचलित दरवाजा उघडला असून भोगावती नदीपात्रात..." आणि आत अशी उसळी बसली की माझ्या हातातला चहा बशीत आला.

"बघ!" आप्पा म्हणाले. त्या दिवसापासून विसर्गाचे आकडे ते माझ्या पोटाशी वाकून वाचू लागले.

पाऊस वाढला. आशाताई आल्या आणि पूरबाधित भागातल्या गरोदर मातांच्या यादीत माझं नाव असल्याचं सांगून गेल्या. आप्पांना यादीत नाव आलं की सरकारी मान्यता मिळाल्यासारखं वाटतं. त्यांनी लगेच रंगीत तालीम जाहीर केली. सोप्यात बाजलं ठेवलं, ती बोट. त्यांच्या पुतण्यानं बाजलं हलवायचं, त्या लाटा. मी उंबऱ्यावरून पाय टाकून बोटीत बसायचं. कुठूनसं लाइफ जॅकेट आणलं होतं, त्याचे पट्टे माझ्या दोन्ही बाजूंना लोंबत राहिले.

"हिला दोन लागतील," पुतण्या म्हणाला, "एक पुढनं, एक मागनं."

"बाळाचं निराळं मागाय पायजे मग," आप्पा विचारात पडले.

खिडकीत गर्दी जमली. मी बाजल्यावर पाय ठेवला, पुतण्यानं जोशात लाट आणली, आणि मी आप्पांच्या अंगावर बसले. तीन किलोचा अंदाज त्यांनी त्याच जागी दुरुस्त करून सव्वातीन केला.

त्याच आठवड्यातली रात्र. मी वरच्या खोलीत बासुंदीचा उरलेला डबा उरकत होते. घर झोपलेलं. आप्पा तेवढे मोबाइल घेऊन जागे. एकाएकी खालून त्यांची आरोळी आली, "सुटलं! पाणी सुटलं!"

आई झोपेतून उठली ती उभीच. "आगं बाई, सुटलं? कवा?"

"आत्ताच! एका दरवाजातनं १४२८ क्युसेक!"

दुसरं वाक्य आईनं ऐकलंच नाही. ती बोळात जाऊन ओरडली, बोळ जागा झाला, समोरच्या घरातली गाडी बाहेर निघाली, चाची दुलई घेऊन धावत आल्या. मी जिन्यात उभी राहून सांगत होते, मला काही झालेलं नाही.

"तिला काय कळतंय," चाची म्हणाल्या, "पहिलटकरीण हाय."

"चाची, माझं पोट आहे, मला कळेल ना!"

"त्यालाच पहिलटकरीण म्हणत्यात."

मला उचलून गाडीत घातलं. शिरोळ मागं पडेपर्यंत आप्पांनाही खात्री पटली होती की माझंच पाणी सुटलं, राधानगरीचं नंतर. घरात दोन बॅगा भरलेल्या होत्या. एक आईची बाळंतपणाची, एक आप्पांची पुराची. दोन्ही एकाच लग्नात आहेर म्हणून आलेल्या, एकाच रंगाच्या. दवाखान्यात परिचारिकेनं फाइल मागितली. आप्पांनी बॅग उघडून फाइल दिली. तिनं झोपाळल्या डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली. "बांधकाम जुने. पडझड अंशतः. तळमजल्यात गाळ..." ती थांबली, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं. तो २०१९ चा पंचनामा होता.

"पेशंट कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी. पण माझी पडझड अजून नाही झाली," मी म्हटलं.

तपासून परत पाठवलं. येताना गाडीत कुणी बोललं नाही. फक्त आप्पा एकदा म्हणाले, "दरवाजा मात्र खरंच उघडलाय."

पुढं पाण्यानं इशारा पातळी गाठली तसं आम्ही जयसिंगपूरला चुलतमामांकडं जाऊन राहिलो. त्याविषयी फार लिहीत नाही, मामी हे वाचतात. पाणी धोक्याच्या अलीकडं अडलं आणि उतरलं, आम्ही घरी आलो, ऊन पडलं. वाडीत पाणी देवाच्या पादुकांवरून वाहून दक्षिण दारातून बाहेर पडलं, तो सोहळा साधून लोक न्हाऊन आले, आईनं तिथलं तीर्थ बाटलीतून आणून मला पाजलं. आणि पाच ऑगस्ट उजाडला.

काही झालं नाही.

सहा तारखेलाही नाही. एवढी माणसं, एवढी तयारी, एवढ्या कुंच्या, आणि ना नदी आली ना बाळ. बोळात एक प्रकारची फसवणूक झाल्याची भावना पसरली. लोक आता माझ्याशी जरा तुटक बोलू लागले. "अजून हाईसच काय?" असं विचारताना त्यांच्या आवाजात भाडेकरूला विचारल्याचा सूर यायचा. उपाय मात्र बंद झाले नाहीत. आईनं एरंडेलाची बाटली काढली, डॉक्टरीणबाईंनी फोनवरूनच ती परत ठेवायला लावली. आक्काकाकी म्हणाल्या, उकिडवं बसून अंगण झाड. आत्या म्हणाली, अननस खा. पुतण्या म्हणाला, त्या अमुक रस्त्यानं स्कूटीवरून एक चक्कर मारून आणतो, दुसरी लागणार नाही. रस्त्याचं नाव इथं घालत नाही, गावाला जायला तोच एक आहे.

या सगळ्यात खरा हकनाक मेला तो माझा नवरा. त्यानं पितृत्वाची रजा नेगेलेवर विश्वास ठेवून टाकली होती. पाच तारखेला सकाळी हजर झाला, केसाला तेल लावून, हातात कॅमेरा घेऊन. मग बसून राहिला. पहिल्या दिवशी पाळण्यातल्या मांजराचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्याला वही दाखवली. तिसऱ्या दिवशी तो घाटावर जाऊन पायऱ्या मोजून आला. पुण्याहून आला तेव्हा त्याला टीएमसी आणि क्युसेक यांतला फरक माहीत नव्हता. आठवडा संपेपर्यंत तो जेवताना म्हणू लागला, "कोयनेचं पायथा विद्युतगृह चालू आहे म्हणजे नदी लगेच नाही उतरायची, आप्पा." आप्पांना जावई पहिल्यांदाच आवडला.

रजा संपली. साहेबाचा फोन आला, की मूल झाल्याचा दाखला जोडल्याशिवाय पुढची रजा मंजूर नाही. मूल तर दाखला द्यायला तयार नव्हतं. शेवटी त्यानं माझ्या पोटाला "बाळा, बाबा शनिवारी येतो" असं सांगितलं आणि रात्रीची गाडी धरली.

पहाटे तो स्वारगेटला उतरत असेल तेव्हा मी इकडं मोरीच्या दारात भिंत धरून उभी होते. या वेळी मात्र मी काही सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलं. आई बरोबर बॅग घेऊन निघाली, चाची गाडीत येऊन बसल्याही होत्या. आप्पांनी थरथरत्या हातानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, ऐकताय न्हवं? पाणी सुटलं!"

पलीकडून स्वारगेटचा गोंगाट आला, रिक्षावाल्यांच्या हाका आल्या, आणि मग नवऱ्याचा जांभई देत आलेला तयारीचा आवाज.

"कितीनं सोडलंय, आप्पा? आणि कोयनेचं काय म्हणतंय?"